नक्षी शाबूत, तळ भुसभुशीत: ग्युमरीच्या अंगणातल्या एका खाचकाराचे प्रकरण

अर्मेनियाच्या वायव्येला, समुद्रसपाटीपासून सुमारे १५०० मीटरवर ग्युमरी शहर आहे. तिथल्या कुमायरी या जुन्या वस्तीत काळ्या आणि लालसर टफची, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या दगडाची, घरे आहेत. त्यांतल्या एका घराचे गेस्टहाऊस झाले आणि मालकांनी अंगणात शोभेसाठी हाताने कोरलेला नवा खाचकार, म्हणजे क्रूसशिळा, बसवून घेतला. दोन हिवाळ्यांत शिळेच्या खालच्या पट्ट्याला हात लावला की भुगा हाती येऊ लागला. हे प्रकरण नमुन्यादाखल बांधलेले आहे. अशा कामांत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी इथे एकाच शिळेवर मांडल्या आहेत. मापे मात्र जशीच्या तशी वापरता येतील अशी आहेत.

शिळा जवळच्या आर्तिक गावच्या गुलाबी टफची. जमिनीवर दिसणारा भाग १२० सेमी उंच, ६० सेमी रुंद, जाडी १४ सेमी, आणि त्याखाली २० सेमी भाग थेट काँक्रीटमध्ये गाडलेला. शेजारून फरशीची वाट जाते, तिच्यावर हिवाळ्यात बर्फ वितळवायला मीठ टाकतात. वाटेवरून लोटलेला बर्फ शिळेच्या पायाशी ढीग होऊन पडून राहतो. नुकसान जमिनीलगत नव्हते. ते साधारण ५ सेमीपासून २५ सेमीपर्यंतच्या पट्ट्यात होते. तिथे पापुद्रे सुटले होते, पांढरी भुकटी धरली होती आणि क्रुसाखालच्या चक्राच्या दोन पाकळ्या पार गेल्या होत्या. वरचा क्रूस, द्राक्षवेल, कडेची गुंतवण आणि माथ्यावरचा छज्जा मात्र कोरल्या दिवशी होता तसाच.

मालकांचे म्हणणे, दगडच हलक्या प्रतीचा निघाला. कारागिराचे म्हणणे, मिठाने घात केला. दगड हलक्या प्रतीचा नव्हता, आणि मीठ हे कारणांपैकी फक्त एक.

खाचकार म्हणजे नेमके काय, हे थोडक्यात सांगायला हवे. उभ्या शिळेच्या एका अंगावर मधोमध क्रूस, त्याच्या प्रत्येक हाताच्या टोकाला फुटलेल्या कळ्या, बुडातून दोन्हीकडे वर वळणारी पाने, खाली सूर्याचे किंवा अनंताचे चक्र, आणि भोवती भूमितीची व वेलींची चौकट. ख्रिस्ताची आकृती सहसा नसते. ती असते ‘आमेनाप्रकिच’, म्हणजे सर्वतारक, या मोजक्या प्रकारात. त्यांतला हाघपात मठातला १२७३ चा खाचकार प्रसिद्ध आहे आणि त्याच्यावर तांबड्या रंगाचे अंश अजून दिसतात. तारीख कोरलेल्यांपैकी सर्वांत जुना मानला जातो तो गार्नीचा, ८७९ सालचा, राणी कात्रानिदेने उभारलेला. सेवान सरोवराजवळच्या नोरातुसच्या दफनभूमीत अशा शेकडो शिळा उभ्या आहेत. नाखिचेवानमधल्या जुघाच्या (जुल्फाच्या) दफनभूमीत त्याहून कितीतरी जास्त होत्या. त्या १९९८ ते २००६ या काळात फोडून नष्ट करण्यात आल्या. २०१० मध्ये युनेस्कोने खाचकाराची कला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. आत्म्याच्या मुक्तीसाठी, विजयाची किंवा बांधकामाची आठवण म्हणून, झऱ्याजवळ, सीमेवर अशा अनेक निमित्तांनी या शिळा उभ्या राहिल्या. आपल्याकडच्या वीरगळासारखीच ही उघड्यावर, ऊन-पावसात उभी राहण्यासाठी घडलेली वस्तू आहे. म्हणजे उघड्यावर ठेवल्यामुळे ती बिघडली, हे कारण टिकत नाही.

मग बिघडले कुठे? मागणीचा कागद पाहिला की अर्धे उत्तर तिथेच मिळते. नक्षीबद्दल त्यात पानभर सूचना होत्या. बैठकीबद्दल एकच ओळ: ‘जागेवर बसवून देणे.’ कारागिराने शिळा पोचवली आणि बसवली ती फरशीच्या गवंड्याने, त्याच्या नेहमीच्या पद्धतीने.

मालकांना गोशावांक मठातल्या खाचकारासारखे काम हवे होते. पोघोस नावाच्या शिल्पकाराने १२९१ मध्ये कोरलेली ती शिळा इतकी नाजूक आहे की तिला सुईने विणल्यासारखी म्हणतात. अशी मागणी नेहमीच येते आणि ती तशीच्या तशी मान्य करू नये. आर्तिकचा टफ सच्छिद्र आणि वजनाला हलका असतो, त्यात चपट्या झालेल्या मऊ पुमिसचे (फेसाळ ज्वालामुखी दगडाचे) ठिपके असतात. ४ मिमी रुंदीची पट्टी कोरताना असा ठिपका मधे आला की पट्टी तुटतेच. या शिळेत पट्ट्या किमान ८ मिमी रुंद ठेवल्या होत्या, खोली कुठेही पट्टीच्या रुंदीच्या दीडपटीहून जास्त नव्हती, आणि क्रुसाभोवतीची सर्वांत खोल पार्श्वभूमी ३ सेमीवर थांबवली होती. त्यामुळे मागे ११ सेमी भरीव दगड उरला. कारागिराचे हे सगळे निर्णय बरोबर ठरले, वरची नक्षी टिकली त्याचे कारण हेच.

दगडाची निवडही चुकीची नव्हती. पाटा, म्हणजे न कोरलेली शिळा, घेण्याआधी तो दोन लाकडी ओंडक्यांवर ठेवून लहान हातोडीने वाजवतात. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर आत चीर आहे. मग सगळ्या पृष्ठभागावर पाणी मारून वाळू देतात. चीर असेल तिथली रेघ बाकीच्या दगडानंतर वाळते, म्हणजे काही मिनिटे काळी उठून दिसते. हे दोन्ही फुकटात होते आणि ते न करता पाटा घेणाऱ्याला पुढे माफी नाही. वजनाचा हिशेबही इथेच करावा. गाडायचा भाग धरून १४० × ६० × १४ सेमी म्हणजे सुमारे ०.१२ घनमीटर. आर्तिकचा टफ घनमीटरला १.२ ते १.३ टन धरला तर शिळा कोरडी असताना १४५ किलोच्या आसपास भरते, भिजल्यावर बरीच जड होते. तीच शिळा बेसाल्टची असती तर सुमारे ३१५ किलो. माणसे किती, पट्टे कुठले, पाया केवढा, हे सगळे या आकड्यावर ठरते.

कोरण्याचा क्रम जुनाच आहे. पाट्याचे तोंड सपाट करून मधली उभी रेघ मारायची, परकार आणि पट्टीने जाळी आखायची, आधी क्रूस, मग चक्र, मग चौकट. गुंतवणीत कुठली पट्टी वरून आणि कुठली खालून जाते ते छिन्नी लावण्याआधी पेन्सिलीने प्रत्येक गाठीवर खुणवायचे, कारण एक गाठ चुकली की पुढची सगळी ओळ उलटी पडते. टोकदार टाकीने पार्श्वभूमी उतरवतात, दातेरी छिन्नीने सारखी करतात, सपाट छिन्नीने कडा काढतात आणि शेवटी बारीक वाळूने घासतात. आज पहिली उतरवणी ग्राइंडरने किंवा हवेच्या हातोड्याने होते आणि त्यात गैर काही नाही. फक्त धूळ: टफ काय, बेसाल्ट काय, बारीक भुकटी फुफ्फुसात बसते. पाणी मारत काम करणे आणि चांगला मास्क लावणे टाळता येत नाही.

यंत्राने खोदलेला माल ‘हस्तनिर्मित’ म्हणून येरेवानच्या व्हर्निसाज बाजारातही मिळतो आणि ऑनलाइनही. ओळखायला अवघड नाही. पार्श्वभूमी सगळीकडे एकाच खोलीवर सपाट असेल, आतले कोपरे फिरत्या पात्याने गोल झालेले असतील, आणि डावीकडची पाने उजवीकडच्या पानांची तंतोतंत आरशातली प्रत असतील, तर ते हाताचे काम नाही. हाताच्या कामात आतला कोपरा टोकदार असतो आणि पार्श्वभूमीवर तिरक्या उजेडात छिन्नीचे फटके दिसतात. अशी वस्तू घेऊ नये असे नाही, पण हातकामाची किंमत तिला देऊ नये.

आता तळाकडे येऊ. काँक्रीट शिळेला चारही बाजूंनी चिकटून होते आणि खाली निचरा नव्हता, त्यामुळे शिळेचा बुडखा कायम ओलसर पेल्यात उभा. सच्छिद्र दगड ते पाणी केशाकर्षणाने वर ओढतो. काँक्रीटच्या पातळीपासून थोडे वर हवा लागते तिथे पाणी वाळते आणि सोबत आणलेले क्षार मागे ठेवते: वाटेवरच्या मिठाचे क्लोराइड, सिमेंटमधले सल्फेट. पृष्ठभागावर बसले तर नुसता पांढरा लोणा दिसतो, तो ब्रशने निघतो. पण वाळण्याची रेषा आत सरकली की स्फटिक छिद्रांच्या आत वाढतात आणि दगडाचे कण सुटे करतात. त्यातच हिवाळा. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगते, आणि भिजून तुडुंब झालेल्या छिद्रात फुगायला जागा नसते. म्हणून नुकसानीचा पट्टा जमिनीलगत न येता ५ ते २५ सेमीत आला. वरचा भागही बर्फ आणि पाऊस झेलत होता, पण तो दरवेळी पूर्ण वाळत होता.

दगड हलक्या प्रतीचा नव्हता हे याच्यावरूनच कळते. ग्युमरीतली घरे टफचीच आहेत आणि थंडीत उभी आहेत. फरक एवढाच की जाणता गवंडी टफ जमिनीला टेकू देत नाही. जोत्याला आणि पायऱ्यांना बेसाल्ट, त्यावर टफ, ही तिथली रीत. जुने खाचकारही बहुधा वेगळ्या दगडी चौथऱ्यात खोबण करून उभे केलेले असतात, शिळेच्या तळाला अरुंद कूस, म्हणजे खोबणीत बसणारी जीभ, ठेवून. ही रचना दिसायला छान म्हणून आलेली नाही.

दुरुस्ती मे ते सप्टेंबर या काळातच करावी. दगड गोठण्याच्या आधी वाळला नाही तर सगळे काम फुकट. पहिली पायरी छायाचित्रे आणि मोजमापाची, दुसरी सोडवणुकीची. ब्रेकर लावला तर कंपनाने सुटलेले पापुद्रे खाली येतात. त्याऐवजी शिळेपासून ५ सेमी अंतर ठेवून काँक्रीटमध्ये ओळीने बारीक भोके पाडली, पाचरी ठोकून ते फोडले आणि शिळेला चिकटलेला थर छिन्नीने हळूहळू काढला. उचलताना रुंद कापडी पट्टे, खाली फोम. दोर नक्षीवरून कधीही नेऊ नये. आडवी करताना नक्षी वर, आणि आधार दोन ठिकाणी, प्रत्येक टोकापासून एक चतुर्थांश अंतरावर. एकाच मधल्या आधारावर ठेवलेली शिळा मोडण्याचा धोका असतो.

क्षार काढायला लगद्याचा लेप घातला. दोन भाग कागदाचा लगदा, एक भाग धुतलेली बारीक वाळू, एक भाग केओलिन (पांढरी चिनी माती), सगळे डिस्टिल्ड पाण्यात कालवून १.५ सेमी जाड. नळाचे पाणी चालत नाही, त्यातले क्षार पुन्हा आत जातात. लेप आपोआप वाळून सुटेपर्यंत ठेवायचा, हवेनुसार दोन-तीन आठवडे. तो निघाला की त्यातला ठरावीक वजनाचा तुकडा डिस्टिल्ड पाण्यात भिजवून टीडीएस मीटरने, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या उपकरणाने, वाचन घ्यायचे आणि नवा लेप लावायचा. वाचन दोन लेपांत फारसे उतरले नाही की थांबायचे. घाईने एकाच लेपावर थांबणे ही नेहमीची चूक. पहिला लेप वरवरचे क्षार काढतो आणि आतले पृष्ठाकडे ओढून आणतो, त्यामुळे शिळा आधीपेक्षा वाईट दिसू लागते. मालक घाबरतात ते इथेच.

शिळा पूर्ण कोरडी झाल्यावर फक्त भुसभुशीत पट्ट्याला एथिल सिलिकेट, म्हणजे सुटे कण बांधणारे द्रावण, ब्रशने पाजले. ते दगडात शोषले जाते, वर थर धरत नाही. साधारण चार आठवडे त्याला पक्के व्हायला द्यावे लागतात. क्षार काढण्याआधी ते दिले असते तर क्षार आत कोंडले गेले असते आणि पुढच्या वर्षी कडक झालेला पापुद्राच सबंध सुटला असता. गेलेल्या दोन पाकळ्या नव्याने कोरल्या नाहीत. आसपासचा दगड खोल करून नवी पाकळी ‘काढणे’ हा उपाय काही ठिकाणी सुचवला जातो, पण त्याने चक्राची पातळी उतरते आणि सगळ्या शिळेचा तोल जातो. खड्डे चुन्याच्या गिलाव्याने भरून आकार फक्त सुचवला: एक भाग हायड्रॉलिक चुना, अडीच भाग वाळू आणि त्याच टफची भुकटी. हा भराव दगडापेक्षा मऊ हवा, म्हणजे पुढे झीज झालीच तर भरावाची होईल. एपॉक्सी नको, सिमेंट नको. आणि दुकानदार आग्रहाने देतात ते चमकदार पारदर्शक कोटिंग तर मुळीच नको, ते पाण्याला आत जाऊ देते भेगांतून आणि बाहेर येऊ देत नाही.

नवी बैठक अशी. ८० सेमी खोल खड्डा, तळाला उताराची निचरा-नळी, त्यावर धुतलेली खडी दाबून. चौथरा बेसाल्टचा, ८० × ४५ × ४५ सेमी, वजन सुमारे ४३५ किलो. त्याचे ३५ सेमी जमिनीच्या वर ठेवले, म्हणजे वाटेवरचे मीठ आणि चिखल टफपर्यंत पोचत नाही. वरचा पृष्ठ कडेकडे किंचित उतरता. शिळेचा गाडलेला २० सेमीचा भाग वाजवून पाहिला, आवाज चांगला होता, म्हणून दोन्ही बाजूंनी १० सेमी कापून ४० सेमी रुंदीची कूस केली. खोबण ४३ × १७ सेमी, खोली २१, म्हणजे कुशीचा तळ टेकत नाही आणि भार दोन्ही खांद्यांवर येतो. खांद्यांखाली ५ मिमी जाड शिशाच्या पट्ट्या. खोबणीच्या तळातून २५ मिमीचे भोक आरपार खडीपर्यंत. चारही बाजूंनी शिशाच्या पाचरी, मधली जागा धुतलेल्या जाड वाळूने भरून वरचे ४ सेमी चुन्याने बंद.

वितळलेले शिसे ओतण्याची जुनी पद्धत काही जण अजून सुचवतात. ओल धरलेल्या दगडात ते ओतले की वाफ होऊन शिसे उसळते आणि तोंडावर येते. तयार पट्ट्या आणि पाचरी वापराव्यात, हातमोजे घालून. पाचरी सैल राहू देऊ नयेत, कारण हा भूकंपाचा प्रदेश आहे. ७ डिसेंबर १९८८ च्या भूकंपात ग्युमरीची वाताहत झाली होती. १२० सेमी उंच आणि १४ सेमी जाड शिळा नुसती टेकवून ठेवण्याची ही जागा नव्हे. लोखंडी सळई मात्र घालू नये. ती गंजून फुगते आणि दगड आतून फाडते. सळई लागलीच तर ३१६ प्रतीचे स्टेनलेस.

जागा बदलताना दिशाही बदलली. परंपरेने नक्षीचे अंग पश्चिमेला असते, म्हणजे समोर उभा राहणारा पूर्वेकडे पाहतो. आधी शिळा फाटकाकडे, उत्तरेला तोंड करून होती, कारण फोटोत ती चांगली यायची. उत्तरेकडचे तोंड वाळतही नाही. शोभेसाठी ठेवलेल्या खाचकाराला धार्मिक विधी आवश्यक नाही. अर्मेनियन चर्चमध्ये तो पाण्याने आणि द्राक्षारसाने धुऊन, पवित्र तेल लावून आशीर्वादित होतो, तोपर्यंत तो कोरलेला दगड आहे. तरी काही पथ्ये पाळावीत: पायदळी नाही, टेबलाचा पृष्ठ म्हणून नाही, कारंज्याच्या धारेखाली नाही. आणि जुने साल कोरून नव्या शिळेला जुनी भासवू नये. मालकांना खाली ‘१२९१’ हवे होते. त्याऐवजी करणाऱ्याचे नाव आणि चालू साल मागच्या अंगावर कोरले. जुन्या पद्धतीने अर्मेनियन अक्षरांत साल लिहायचे असेल तर अर्मेनियन गणनेत ५५१ मिळवले की इसवी सन येतो, त्यामुळे १२९१ म्हणजे ७४०. लेख कोरण्याआधी अर्मेनियन वाचता येणाऱ्या माणसाकडून कागदावरचा मसुदा तपासून घ्यावा. दगडात दुरुस्ती होत नाही.

खऱ्या जुन्या शिळेचा प्रश्न यात येतच नाही. ती स्मारक आहे, विकायची वस्तू नाही. नवी शिळा देशाबाहेर न्यायची असली तरी ती नवी आहे हे सांगणारा संस्कृती खात्याचा दाखला आधी घ्यावा, नाहीतर सीमेवर अडकते. अर्मेनियाला समुद्र नाही आणि तुर्कस्तान व अझरबैजानकडच्या सीमा मालवाहतुकीला दीर्घकाळ बंद राहिल्या, त्यामुळे माल बहुधा जॉर्जियातल्या पोती किंवा बातुमी बंदरातून किंवा इराणमार्गे निघतो. पेटीचे लाकूड ५६ अंश सेल्सिअसला किमान ३० मिनिटे तापवलेले आणि तसा शिक्का मारलेले हवे. पेटीत शिळा उभी, लांब कडेवर, दोन्ही अंगांना फोम. आडवी पाठवलेली शिळा बंदरात मोडते.

मुंबईत किंवा कोकणात अशी शिळा ठेवणाऱ्याला गोठण्याची चिंता नाही, पण चार महिने भिजणे, खारा वारा आणि शेवाळ यांची आहे. तिथे टफ छपराखालीच ठेवावा. उघड्यावर ठेवायचीच असेल तर बेसाल्टमध्ये कोरून घ्यावी. अर्मेनियातही बेसाल्टचे खाचकार आहेत, आणि हा दगड तर सह्याद्रीचाच. नक्षी थोडी जाड येईल. भिंतीवर टांगायची छोटी शिळा, समजा ४० × २० × ५ सेमी, टफमध्ये सुमारे ५ किलो भरते. तिला मागून चिकटवू नये. खाली स्टेनलेसचे दोन कोन आणि वर दोन पकडी, भिंतीपासून १ सेमी अंतर. पावसाळ्यात भिंतच घाम धरते.

ग्युमरीच्या शिळेची देखभाल आता फार नाही. नोव्हेंबरआधी चौथऱ्याभोवतीचा पाचोळा काढून निचऱ्याची नळी मोकळी आहे का ते पाणी ओतून पाहायचे, वाटेवर मिठाऐवजी वाळू टाकायची, बर्फ शिळेकडे लोटायचा नाही, आणि एप्रिलमध्ये खांद्याजवळच्या १० सेमीच्या पट्ट्यावर हात फिरवून बोटाला भुकटी लागते का ते पाहायचे. लागली तर ब्रश नको, पुन्हा लेप.